उणे एक गडी

खो-खोतला माझा खांबावरचा सूर चौदा फुटांचा होता, असं मी गेल्या वर्षापर्यंत सांगत होतो. १९९६ साली राज्य स्पर्धेचा अंतिम सामना संपल्या संपल्या सांगितला, तेव्हा तो नऊ फुटांचा होता. मधल्या अट्ठेचाळीस वर्षांत वाढला. झाडं वाढतात, पोटं वाढतात, मग माझ्या सुरानेच काय घोडं मारलंय?

पुरावाही आहे. इचलकरंजीच्या आमच्या नवजोम क्रीडा मंडळाच्या भिंतीवर फोटो लावलाय. मी हवेत आडवा, एक हात खांबाला, दुसरा हात पळणाऱ्या गड्याच्या पाठीवर. शेवटचा गडी, शेवटची काही सेकंदं, आणि ढाल आमची. त्या फोटोत कडेला एका माणसाचा खांदा आणि अर्धा कान दिसतो. तो कान नेमिनाथ मगदूमचा. आमचा नेमू.

आता आम्ही सगळे सत्तरीचे. गुडघे निवृत्त झाले, जीभ नाही. म्हणून गेली दहा वर्षं मंडळात आम्ही 'कागदी संघ' खेळतो. देशाच्या मोठ्या खो-खो लीगमधले खरे खेळाडू निवडायचे, प्रत्येकाने सात. ते मैदानावर जे करतील त्याचे गुण निवडणाऱ्याला. नावाजलेले गडी पहिल्या फेरीतच उडतात. खरी गंमत पुढे असते. ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही आणि जो हंगामात अचानक उसळतो, त्याला आम्ही 'निजलेला गडी' म्हणतो. असा एक जरी सापडला, तरी माणूस वर्षभर मिशीला पीळ देत हिंडतो.

निवड करायची आमची एक रीत आहे. आम्ही बरोबर नऊ जण, म्हणजे एक पुरा संघ. आठ जण खो-खोसारखेच ओळीत बसतात, एकाआड एक उलट्या तोंडाने; खाली बसवत नाही म्हणून खुर्च्यांवर. चिठ्ठी ज्याच्या नावाची निघते तो नववा उभा असतो. त्याने आपला गडी पुकारायचा आणि ज्याला वाटेल त्याच्या पाठीवर हात मारून 'खो' म्हणायचं. मग तो उठणार, हा त्याच्या जागी बसणार. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. आपण दोस्तांनाच आधी खो देतो, आणि ज्याच्याकडून धोका नाही त्याला शेवटी. नऊ वर्षं प्रत्येक फेरीत शेवटचा खो नेमूला मिळायचा.

आणि नऊ वर्षं शेवटचा नंबरही नेमूचाच. जो शेवटचा येईल त्याने वर्षभर मैदानावर फक्की मारायची, म्हणजे चुन्याच्या रेघा आखायच्या, हा मंडळाचा नियम. गुणांचे नियमही मंडळाचेच. गडी बाद केला तर दहा, पळतीला, म्हणजे न सापडता टिकल्याबद्दल, दर अर्ध्या मिनिटाला दोन, सूर मारून बाद केला तर वर पाच. हे नियम मी लिहिले. ते वर पाच का, ते तुम्हाला फोटोवरून कळलंच असेल.

---

गेल्या वर्षी माझी पुतणी शलाका सांगलीहून आली. ती तिथल्या कॉलेजात गणित आणि संगणक शिकवते आणि लीगमधल्या एका संघासाठी काम करते. तिने जे यंत्र केलंय त्याला ती 'उणे-एक' म्हणते. निवडीला दहा दिवस उरले होते. मी तिला धारवाडी पेढे चारले आणि विचारलं, "बाई गं, तुझं ते यंत्र निजलेले गडी शोधतं म्हणे?"

"काका, ही लबाडी आहे."

"संशोधन आहे. नीट समजावून सांग."

तिने समजावलं. ते मी जसं समजलो तसं सांगतो.

सामन्याच्या चित्रफितीतून यंत्र प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे एकवीस सांधे ओळखतं. गुडघा केव्हा वाकला, खांदा कुठे झुकला, उठायला किती वेळ लागला. पाच-सात सामने पाहिले की त्या माणसाच्या सवयी त्याला कळतात. मग ते संगणकात तोच सामना पुन्हा खेळवतं. एकदा नाही, दहा हजार वेळा. दरवेळी नशीब थोडं इकडेतिकडे करून. कुणाचा पाय सरकला, कुणाचा नाही. त्यातून सरासरी निकाल निघतो.

"आणि मग," शलाका म्हणाली, "मी त्यातून एक माणूस काढते. त्याच्या जागी अगदी सामान्य गडी बसवते, आणि परत दहा हजार वेळा खेळवते. दोन निकालांत जो फरक येईल, ती त्या माणसाची खरी किंमत. तो असताना काय होतं हे सगळ्यांनाच दिसतं, काका. तो नसता तर काय झालं नसतं, ते डोळ्यांना दिसत नाही."

हे यंत्र तोवर बरंच पसरलं होतं. मिरजेच्या एका बँडवाल्याने ते आपल्या पार्टीला लावलं, तेव्हा कळलं की खुळखुळेवाला काढला तर तिसऱ्या गाण्यानंतर ट्रंपेट घसरतं. त्या खुळखुळेवाल्याला आता वरातीत पुढे चालवतात, असं ऐकतो.

"पण यंत्र खरं बोलतं कशावरून?" मी म्हणालो. "ज्या सामन्याबद्दल मला इत्थंभूत ठाऊक आहे, त्याच्यावर आधी तपासून बघ."

तुमच्या लक्षात आलंच असेल. १९९६ च्या स्पर्धेतले आमचे सातही सामने लग्नाची शूटिंगं करणाऱ्या एकाने कॅसेटवर घेतले होते. निम्मा वेळ त्याने प्रमुख पाहुण्यांना हार घालतानाच दाखवलंय, पण उरलेला निम्मा होता. चौदा फुटांच्या सुराला विज्ञानाचा शिक्का मिळणार म्हणून मी त्या कॅसेटी तिला दिल्या.

चार दिवसांनी तिचा फोन आला. आवाज जपून टाकलेल्या पावलासारखा.

"काका, बसलायस ना? जुन्या चित्रफिती आहेत, थोडंफार मागेपुढे होऊ शकतं. पण सूर पाच फूट दोन इंच आहे."

"बरं. आणि किंमत?"

"उणे शून्य पूर्णांक चार."

"उणे म्हणजे?"

"तुझ्या जागी सामान्य गडी असता तर संघाला दर सामन्यात जवळजवळ अर्धा गडी जास्त मिळाला असता. तू सूर मारून पडतोस, त्यानंतर उठायला चार सेकंदं घेतोस. सगळ्या सामन्यांत घेतोस."

"लागायचं गं."

"नाही काका. तू पडल्या पडल्या प्रेक्षकांकडे बघतोस. मान वळलेली दिसते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या कानानेही तेच ऐकू आलं.

"मग ढाल कुणी जिंकली?"

"सहाव्या चौकोनात कोण बसायचं? त्यांची किंमत अधिक पाच पूर्णांक दोन आहे. मी लीगमध्येसुद्धा असा आकडा पाहिलेला नाही."

सहाव्या चौकोनात नेमू बसायचा.

शलाकाने मला चित्र पाठवलं. नेमू खो मिळाल्यावर पटकन उठायचा नाही. अर्ध्या पावलाचा उशीर करायचा, डावा खांदा किंचित पाडायचा. पळणाऱ्याला वाटायचं हा डावीकडे निघाला. तो उजवीकडे वळायचा, म्हणजे खांबाकडे, म्हणजे माझ्याकडे. नेमू त्याला म्हैस गोठ्यात वळवावी तसा हळूहळू वळवत आणायचा आणि अचूक वेळी मला खो द्यायचा. मी उठून सूर मारायचो. गडी माझ्या हाताखाली आधीच आणून ठेवलेला असायचा. सात सामन्यांत नेमूच्या नावावर बाद केलेले गडी किती? दोन.

हे मी कुणाला सांगायचं ठरवलं? कुणालाच नाही. शलाकाला म्हटलं, कॅसेटी जुन्या आहेत, बुरशी असेल, सोडून दे; तू आपली लीगच्या निजलेल्या गड्यांची यादी पाठव. तिने पाठवली. मी चष्मा लावून वाचायला बसलो. पहिलं नाव मणिपूरचा थोंबा. दुसरं ओडिशाचा बिरेन नायक. तिसरं धाराशिवचा किरण ढोबळे.

ही नावं मला पाठ होती. एकेका नावाला मी पोट धरून हसलो होतो. नेमूने मागच्या वर्षांत निवडलेले गडी होते हे. पहिल्या चौदातले अकरा. दहा हजार वेळा सामना खेळवून यंत्राला जे दिसलं, ते हा माणूस नऊ वर्षं नुसत्या डोळ्यांनी बघत होता. आणि मी लिहिलेल्या नियमांत खो देण्याला गुण होता शून्य.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेलो. नेमू फक्की मारत होता. पांढरा सदरा, वर खोचलेलं धोतर, हातात चुन्याचा डबा. त्याची रेघ अशी सरळ येते की तिच्यावर पाय ठेवायला जीव धजत नाही.

"रंग्या, रेघेवर येऊ नकोस, ताजी हाय."

"रविवारी निवड आहे. कुणाकुणाचा विचार केलास?"

"माझं नाव काढा यंदा." तो वाकलेलाच बोलला. "महावीरकडं चाललोय. कोइम्बतूरला. कायमचा."

महावीर त्याचा मुलगा. तिकडे यंत्रमागांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. नेमूची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती.

"कायमचा कशाला? महिनाभर जाऊन ये की."

"इथं काय अडणार हाय माझ्यावाचून? फक्की मारायला दुसरा कुणीतरी मिळंल. निवडीला नववा लागतो, तर कुणालाबी बसवा." तो हसला. हसू कडवट नव्हतं, तेच जास्त लागलं. "आपण पहिल्यापासनं संख्या भरायला होतो, रंग्या. त्याचं मला वाईट न्हाई. तुझ्यासारख्याच्या बाजूला उभं राहायला मिळालं. फोटोत कान तरी आला."

ती वेळ होती. मी तोंड उघडलं. आणि तोंडातून बाहेर काय पडलं? "अरे, त्या सुराच्या वेळी वारा असा सुटला होता की..." सत्तर वर्षांचं वळण एका सकाळीत जात नाही. नेमूने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, योग्य जागी हुंकार दिला, डबा उचलला आणि पुढची रेघ धरली.

घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोने विचारलं तेव्हा पोट बिघडलंय म्हणालो. ती म्हणाली, "तुमचं पोट बिघडलं असतं तर त्याचीसुद्धा गोष्ट ऐकवली असती. खरं काय ते बोला." मी तिला सगळं सांगितलं. उणे शून्य पूर्णांक चार ऐकून तिला अजिबात धक्का बसला नाही, हे मी लक्षात ठेवलंय.

"तो जाणार ते जाईल," ती म्हणाली. "पण काय समजून जाणार, ते तुमच्या हातात आहे."

---

रविवारी सकाळी दहाला मंडळात खुर्च्या मांडल्या. नेमूला मी निरोप धाडला होता, की चहाला तरी ये. तो आला आणि आठवी खुर्ची रिकामी दिसली म्हणून सवयीने तीवर बसला. आमचे अध्यक्ष भोजे सर, निवृत्त मुख्याध्यापक, यांनी चिठ्ठी काढली. पहिला मान माझा निघाला. शलाका कोपऱ्यात आपलं यंत्र आणि भिंतीवर चित्र पाडायचा दिवा घेऊन बसली होती. ती कशाला आलीय हे कुणाला माहीत नव्हतं.

"पुकार लवकर," शिराज मुजावर म्हणाला. हा एसटीत ड्रायव्हर होता, त्याला थांबलेलं काही सहन होत नाही.

"आधी एक गोष्ट सांगायची आहे."

"झालं. वारा कुठून सुटला होता ते आम्हाला पाठ आहे, रंगराव."

"वारा नव्हता," मी म्हणालो. "आणि सूर पाच फूट दोन इंच होता."

मुजावरने हातातला कप खाली ठेवला.

शलाकाने भिंतीवर चित्र लावलं. ती थोडक्यात बोलली, मग मी बोललो. माझी किंमत मी स्वतः वाचून दाखवली, उणे या शब्दासकट. मग नेमूचं अर्धं पाऊल दाखवलं, त्याचा पडलेला खांदा दाखवला, आणि तो गडी माझ्या हाताखाली कसा येतो ते तीन वेळा दाखवलं. मग नेमूने नऊ वर्षांत निवडलेल्यांची नावं आणि यंत्राची यादी शेजारी शेजारी लावली.

"गुणांचे नियम मी लिहिले," मी म्हणालो. "खो देण्याला मी काहीच ठेवलं नाही. शलाकाने ते गुण धरून मागचे नऊही हंगाम पुन्हा मोजले. सात वेळा नेमू पहिला येतो."

"आणि शेवटचा कोण?" मुजावरने विचारलं.

"सहा वेळा मी."

"मग बाकीच्या तीन वेळा?"

"तीन वेळा तू, शिराज."

मुजावर चहा प्यायला लागला.

मी नेमूच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिलो. तो भिंतीकडे बघत होता, तिथे बावीस वर्षांचा नेमू पुन्हा पुन्हा उठत होता. "नेमू," मी म्हणालो, "अट्ठेचाळीस वर्षं तुझी ढाल मी मिरवली. तुझे आभार मानायला मला यंत्र लागलं. पण मानतो. सगळ्यांसमोर मानतो."

त्याने भिंतीवरची नजर काढली. मग शलाकाकडे वळला.

"पोरी, तुझ्या यंत्रानं रंग्याला काढलं, ते सामन्यातनं काढलं न्हवं?"

"हो अण्णा."

"गल्लीतनं काढून बघितलं का?"

तिला कळलं नाही. मलाही नाही.

"माझा बाप मागावर कामाला बसवायचा मला," नेमू म्हणाला. "शाळा सुटली की मागाच्या खोलीत. खेळ म्हटलं की सुताची कांडी फेकून मारायचा. आणि हा," त्याने माझ्याकडे बोट केलं, "रोज पाचला दारात उभा. रोज नवी थाप. एकदा म्हणाला, मुनिमहाराज आलेत, नेमूला बोलावलंय. एकदा म्हणाला, डॉक्टरांनी सांगितलंय, सुताची धूळ छातीत बसती, पोराला तासभर पळवा न्हाईतर दगावंल. माझा बाप घाबरून मलाच बाहेर ढकलायला लागला. सहा वर्षं, भोजे सर. रविवार धरून. एक थाप दुसऱ्यांदा मारली न्हाई ह्यानं. बापाला मरेपर्यंत वाटायचं, रंग्या फार सज्जन मुलगा."

मला ते आठवत होतं. पण मी त्याला कधी मोजलं नव्हतं. थापा मारणं मला श्वासासारखंच होतं. कुणाच्या पायाखाली त्यांची वाट झाली असेल असं मनात आलं नव्हतं.

"ह्याला गल्लीतनं काढलं," नेमू म्हणाला, "तर सहाव्या चौकोनात मी न्हाईच. मग तुझ्या पाच पूर्णांक दोनाचं काय होतं?"

शलाकाने आपल्या पडद्यावरचे आकडे पुन्हा पाहिले. मग म्हणाली, "यंत्राला मैदानाच्या रेघांच्या आतलंच दिसतं, अण्णा. कुठवर बघायचं ती रेघ मी आखते. पुढचं माझ्याकडे काही नाही."

"मग माझ्याकडं हाय. लिहून घे."

भोजे सरांनी चष्मा काढून पुसला. मुजावर म्हणाला, "आता दोघं गळ्यात पडा आणि गडी पुकारा, साडेअकरा वाजले." मनातून तोही हलला होता, एरवी त्याने दोन्ही आकडे लगेच गावभर केले असते, ते संध्याकाळी केले.

पहिला मान माझा होता. माझ्या खिशात यंत्राची यादी होती. मी गडी पुकारला नाही. नेमूच्या खुर्चीमागे गेलो, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "खो."

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला पहिला खो मिळाला. तो पटकन उठला नाही. अर्ध्या पावलाचा उशीर केला, डावा खांदा किंचित पाडला. मग उभा राहिला. मी त्याच्या जागी बसलो. खुर्ची अजून उबदार होती.

"झारखंडचा सुखदेव मुंडू," नेमू म्हणाला.

शलाकाने यादी चाळली. "अण्णा, दोनशे सोळा खेळाडूंत तो दोनशे बारावा आहे. यंत्राच्या हिशेबानेसुद्धा."

"असू दे. उठताना आधी शेजाऱ्याकडं बघतो."

हंगामाच्या शेवटी हा मुंडू यंत्राच्या यादीत कितवा होता, ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, रंगा परत सुरू झाला.

---

नेमू कोइम्बतूरला गेला. दोन महिन्यांनी आला. महावीरला तो म्हणाला, "संघ निवडलाय, सोडून कसा राहू?" आता उन्हाळा तिकडे आणि हंगाम इकडे, असं ठरलंय. नियमांत खो देण्याला आठ गुण आहेत. सुराचे वरचे पाच मी स्वतः खोडले. फोटो तिथेच आहे, फक्त सरांनी खाली चिठ्ठी डकवलीय: 'उजव्या कोपऱ्यातील कान: नेमिनाथ मगदूम.'

फक्की आता मी मारतो. सहा वर्षांची फिटायची आहे. नेमू मैदानाकडेच्या रोलरवर बसून सांगतो, "रंग्या, डावीकडं चालली रेघ." मी सरळ करतो. ती पुन्हा जाते. मुजावरची पाळी माझ्यानंतर, म्हणून तो माझ्या तब्येतीची रोज चौकशी करतो.

आणि पोरंपोरी खेळायला आली, की मला मधे घेऊन बसतात. "आजोबा, तो सूर सांगा." मी सांगतो, पाच फूट दोन इंच. त्यांचा हिरमोड होतो. मग मी म्हणतो, थांबा, सुराचं काय घेऊन बसलात, त्याआधी नेमूआजोबांनी खो दिला तो ऐकलाय का कधी? त्यांनी असा खो दिला, की मैदानाबाहेर उभ्या चार बैलगाड्यांचे बैल उठून चालायला लागले.

नेमू रोलरवरून ओरडतो, "दोन बैलगाड्या होत्या रं."

पोरं मोजत असतात. गेल्या महिन्यात त्या तीन होत्या.